स्टेंट टाकला की सुटलो ना, ताई?

बयो, काल फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "एकदाचा तो स्टेंट टाकला की सुटलो ना गं, ताई?" मी "सोमवारच्या आत सांगते" म्हणाले, तेव्हा तुला वाटलं असेल की ताई टाळतेय. टाळत नव्हते. जन्म वॉर्डात काढला आणि एक कळलं, घाईत दिलेला धीर घरच्यांना पुढे फार महाग पडतो. म्हणून आता निवांत सांगते. भाजी निवडत ऐकलंस तरी चालेल, पण मधे उठू नकोस.

आधी उत्तर देऊन टाकते. सुटत नाही. मामंजी सावरतील, हिंडतील-फिरतील, नातवाच्या मुंजीत मिरवतील. पण डॉक्टर आणि सीटी स्कॅन यांच्याशी नातं आता जन्माचं. हे मनाशी पक्कं केलंस की बाकीचं निभावतं. ज्या घरात 'झालं एकदाचं' म्हणून फाइल माळ्यावर जाते, तिथंच घात होतो.

मुळात झालंय काय, ते घरात कुणालाच नीट समजलेलं दिसत नाही. दहा महिन्यांपूर्वी मामंजी दुकानात घंगाळ मठारत होते, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मधे असह्य कळ उठली आणि कमरेपर्यंत उतरत गेली. आळीतल्यांनी पित्त समजून सोडा पाजला. ते होतंच, हार्ट अटॅक, पित्त, उसण, सगळ्यांची सोंगं हे दुखणं घेतं. खरी गोष्ट होती महाधमनीची. हृदयातून निघून छाती-पोटातून खाली उतरणारी ही मोठी रक्तवाहिनी, तिच्या भिंतीला तीन थर असतात. जुन्या कोटाचं अस्तर उसवलं की घाईत घातलेला हात बाहीत न जाता कापड आणि अस्तर यांच्या मधे शिरतो, बघ. तसंच आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीच्या थरांमधे घुसलं. आता एका नळीत दोन वाटा झाल्यात, एक खरी आणि एक खोटी. मूत्रपिंडांना, आतड्यांना, पायांना जाणाऱ्या फांद्यांपैकी काहींना खऱ्या वाटेतून रक्त मिळतं, काहींना खोट्या. याला डिसेक्शन म्हणतात.

हृदयाजवळचा चढता भाग सापडला असेल तर 'ए' प्रकार, तो सुटला असेल तर 'बी'. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९७० साली लावलेली ही वर्गवारी आजही चालते. 'ए' म्हणजे तातडीनं छाती उघडायची. 'बी'मध्ये आतडी-मूत्रपिंडांचं रक्त तुटलं नसेल आणि धमनी फुटायच्या बेतात नसेल, तर आधी रक्तदाब आवळून धरतात. मामंजींचा 'बी'. म्हणून तेव्हा गोळ्यांवर घरी सोडलं, त्यात डॉक्टरांची हयगय नव्हती. तीन महिने उलटले की त्याच डिसेक्शनला जुनं, क्रॉनिक म्हणतात.

मग आता का उठले डॉक्टर? कारण खोट्या वाटेची बाहेरची भिंत पातळ असते आणि दाबानं ती फुगत जाते. छातीतली उतरती महाधमनी साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असते. मामंजींची आधी ४६ मिलिमीटर होती, आता ५७. साधारण ५५ ते ६० मिलिमीटरच्या घरात गेली, किंवा वर्षात १० मिलिमीटरहून जास्त वाढली, की फुटण्याचा धोका उपचाराच्या धोक्याहून मोठा धरतात. मामंजींच्या बाबतीत दोन्ही आहे. त्यामुळे 'डॉक्टरांना पैसे काढायचेत' हे दिरांचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. दुसरं मत मात्र जरूर घ्या. दुखत नाहीये, रक्तदाब ताब्यात आहे, तेवढी सवड आहे. फक्त जाताना रिपोर्टचा व्हॉट्सॲपवरचा फोटो नेऊ नका. सीटीची सीडी न्या, दोन्ही वेळची. सर्जनला चित्र बघायचं असतं, दुसऱ्याचं वाक्य नव्हे.

ते चित्र तूही एकदा बघून घे. डॉक्टर माउस फिरवतात तसे छातीचे आडवे काप वरून खाली सरकतात. मणक्याच्या शेजारी एक पांढरा गोल दिसेल आणि त्यात एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे सुटलेला थर. रेघेच्या एका बाजूचा लहान, जास्त उजळ तुकडा बहुधा खरी वाट. दुसऱ्या बाजूचा मोठा, फिकट तुकडा खोटी. "चीर कुठं आहे, दाखवता का?" असं विचार. दाखवतात. एकदा डोळ्यांनी पाहिलंस की अर्धी भीती जाते.

आता उपचार. हृदयाच्या अँजिओप्लास्टीतला स्टेंट तीन-चार मिलिमीटर रुंदीचा, नुसत्या जाळीचा. शेजारचे काका तिसऱ्या दिवशी घरी आले ते त्याच्यावर. इथला स्टेंट-ग्राफ्ट म्हणजे धातूच्या स्प्रिंगांवर शिवलेली कापडी नळी, तीन-चार सेंटीमीटर रुंद आणि वीतभर लांब. ती मिटवून जांघेतल्या धमनीतून वर नेतात आणि मुख्य चिरेवर उघडतात. चीर झाकली की खोट्या वाटेचा वरचा पुरवठा बंद, तिथलं रक्त गोठतं आणि खरी वाट मोकळी होते. खारकिव्हच्या डॉ. निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट पहिल्यांदा बसवला; १९९९ पासून तो डिसेक्शनवर वापरायला लागले. तोवर छाती उघडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पण जुन्या डिसेक्शनची खोच इथंच आहे. ताज्या डिसेक्शनमधला सुटलेला थर पातळ, लवचीक असतो. आतून दाबला की जागेवर बसतो. महिने गेले की तो जाड आणि ताठ होतो, दाबला तरी सरकत नाही. शिवाय चीर एकच नसते. खाली पोटात, मूत्रपिंडांच्या फांद्यांजवळ आणखी छिद्रं असतात आणि तिथून रक्त उलटं वर चढून खोटी वाट भरत राहतं. म्हणून डॉक्टर "बघू या" म्हणतात. ते बोलणं हातचं राखून केलेलं नाही, खरंच तसं असतं. सोमवारी ओपीडीत हेच विचार: "छातीतला भाग झाकल्यावर पोटातल्या भागाचं काय? त्याला पुढे दुसरी प्रक्रिया लागण्याचा संभव किती?" कधी खोट्या वाटेत आतून बूच बसवावं लागतं, कधी फांद्या असलेला ग्राफ्ट खालपर्यंत न्यावा लागतो. ते आधी कानावर असलं म्हणजे पुढे 'पहिलं फसलं' असं वाटत नाही.

एक अभ्यास तुला सांगून ठेवते, घरात वाद निघाला तर उपयोगी पडेल. युरोपात 'इनस्टेड' नावानं १४० रुग्णांवर झाला. 'बी' प्रकार, प्रकृती स्थिर, दुखणं सुरू होऊन निदान दोन आठवडे झालेले. निम्म्यांना नुसती औषधं, निम्म्यांना औषधं आणि ग्राफ्ट. दोन वर्षांनी पाहिलं तर जगण्या-मरण्यात फरकच नाही. पाच वर्षांनी मात्र महाधमनीमुळे दगावणारे औषधवाल्यांत शंभरी १९ आणि ग्राफ्टवाल्यांत ७ निघाले. मामंजींची धमनी त्या लोकांपेक्षा जास्त फुगलेली आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नकोस. पण या उपचाराचं फळ उशिरा दिसतं, एवढं त्यातून घे. पहिल्या सहा महिन्यांत कुणी 'काय फायदा झाला?' म्हणून नाक मुरडलं तर गप्प राहा.

आता धोके. सहीच्या कागदावर सगळे छापलेले असतात, कुणी वाचत नाही. मी तुला न घाबरवता सांगते.

सगळ्यात जिव्हारी लागणारा म्हणजे पायांतली ताकद जाणं. मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक फांद्या महाधमनीतूनच निघतात. लांबलचक ग्राफ्टनं त्या झाकल्या जातात. म्हणून कधी कधी कमरेत, मणक्यांमधून एक बारीक नळी घालून पाठीतलं पाणी थेंब थेंब बाहेर सोडतात, म्हणजे मज्जारज्जूवरचा दाब उतरतो. आयसीयूत तुला दिसेल: कॉटच्या बाजूला ठरावीक उंचीवर टांगलेली लहानशी पिशवी, आत नितळ पाणी. त्या उंचीला फार महत्त्व असतं. मामंजी म्हणतील, "सूनबाई, उशाकडची बाजू जरा उचल." उचलायची नाही. सिस्टरला हाक मारायची. ती आधी नळी बंद करेल, मग कॉट हलवेल, मग पातळी जुळवून पुन्हा नळी सोडेल. पाणी जास्त निघून गेलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. दर तासाला ती येऊन म्हणेल, "आजोबा, अंगठे वर करा, गुडघे वाकवा." मामंजी वैतागतील. त्यांना समजाव, ही तपासणी चुकवायची नाही. कारण ही कमजोरी दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिराही येते आणि लगेच लक्षात आली तर पुष्कळदा परतवता येते. त्या दिवसांत रक्तदाब मुद्दाम थोडा चढा ठेवतात. दहा महिने 'कमी ठेवा' म्हणणारेच आता चढवतात, यात विसंगती नाही. मज्जारज्जूला रक्त पोचायला हवं असतं. पर्समधली घरची गोळी गुपचूप द्यायची नाही.

दुसरं, डावा हात. ग्राफ्टला वर पकडायला जागा लागते, तेव्हा डाव्या हाताची धमनी झाकावी लागू शकते. त्यासाठी काही वेळा आधी मानेजवळ बायपास करून त्या हाताला दुसरीकडून रक्त जोडून देतात. मामंजी डाव्या हातानं भांडं फिरवतात आणि उजव्यानं हातोडी चालवतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांग. सर्जनला धंदा माहीत असला की तो वेगळा विचार करतो. नंतर डावा हात गार पडला, लवकर थकायला लागला, तर कळवा. आणि रक्तदाब दोन्ही हातांत वेगळा येत असेल तर जास्त येतो तोच खरा धरायचा.

बाकीचे धोके: अर्धांगवायू, जांघेतल्या धमनीला इजा, सीटी आणि प्रक्रियेतल्या रंगद्रव्यानं मूत्रपिंडावर ताण. मामंजींना मधुमेहाची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना आधी सांग, क्रिएटिनीन तपासून घ्या. पहिले काही दिवस थोडा ताप येतो, तो बहुधा आपोआप उतरतो. पण घरी आल्यावर, महिन्यांनी, सतत बारीक ताप आणि वजन उतरणं सुरू झालं, तर ग्राफ्टला जंतुसंसर्ग झालाय का ते बघावं लागतं. खोकल्यातून किंवा उलटीतून रक्त पडलं तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा छातीत कळ आली तरी तसंच. ग्राफ्टच्या वरच्या कडेपासून चीर उलटी हृदयाकडे सरकू शकते. तो मग 'ए' प्रकार आणि छाती उघडावीच लागते. म्हणून विचार: "इथं गरज पडली तर रात्री-बेरात्री हृदयाचे सर्जन आहेत ना?" ज्या ठिकाणी या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल, तिथंच प्रक्रिया करा, मग ते घरापासून लांब असलं तरी.

आणि एक मुका धोका. ग्राफ्टची खालची कड स्प्रिंगसारखी ताठ असते. ती जाड झालेल्या त्या थराला टोचत राहते आणि महिन्यांनी, वर्षांनी तिथं नवी चीर पडते. दुखत नाही, खुपत नाही, फक्त सीटीत दिसते. ग्राफ्टच्या कडेनं रक्त झिरपत राहणं, त्याला एंडोलीक म्हणतात, तेही बहुधा असंच गुपचूप. म्हणून महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढे दरवर्षी स्कॅन. 'आता तर छान आहेत, कशाला उगाच किरणं घ्यायची?' असं घरात कुणीतरी म्हणणारच. त्या वेळी तू ठाम राहा.

वयाची धास्ती घेतलीयस, म्हणून हे ऐक. अमेरिकेतले डॉ. मायकेल डिबेकी या आजारातले आद्य माणूस. १९५०च्या दशकात घरातल्या शिवणयंत्रावर डेक्रॉनच्या नळ्या शिवून त्यांनी कृत्रिम धमन्या केल्या. ३१ डिसेंबर २००५ला, ९७व्या वर्षी, त्यांनाच डिसेक्शन झालं. स्वतः आधी दवाखान्यात जायला तयार नव्हते! चीर हृदयाजवळची, म्हणून फेब्रुवारीत मोठं ऑपरेशन झालं, आणि ते २००८च्या जुलैपर्यंत जगले. आपले मामंजी तर सहासष्टचे. वयापेक्षा मूत्रपिंडं, फुप्फुसं आणि तंबाखू यांचा हिशोब जास्त महत्त्वाचा.

तंबाखूवरून आठवलं. तळहातावरची ती चिमूट बंद. हळूहळू नाही, आजपासून. मिठाचं म्हणशील तर भाजीतलं मीठ कमी करून वर लोणचं, पापड, फरसाण चालू ठेवण्यात अर्थ नाही. रक्तदाब १३०/८०च्या खाली हवा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसवून मोजायचा आणि वहीत लिहायचा. तोंडी 'ठीक आहे' चालत नाही. गोळ्या एक वेळही चुकवायच्या नाहीत, उपास असला तरी. मलावरोध होऊ द्यायचा नाही, कुंथण्यानं दाब एकदम चढतो. इसबगोल द्या, आणि वाड्यातल्या उकिडव्या संडासाऐवजी कमोडची खुर्ची आणा. संकोच करतील, पण आणा. औषधाच्या दुकानातून परस्पर काही घ्यायचं नाही: अंगदुखीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंड दुखावतात, सर्दीच्या काही गोळ्याही दाब चढवतात, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं महाधमनीचा आजार असलेल्यांना शक्यतो देऊ नयेत, अशी ताकीद अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१८ सालीच दिलीय. फाइलच्या पहिल्या पानावर हे लाल शाईनं लिही, दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी दाखव.

कामाचं काय? बंब उचलणं, जाड पत्र्यावर घणाचे घाव, हे संपलं. पण तांबट माणसाला हातोडीपासून तोडलं तर तो आजारापेक्षा त्यानंच खचेल. डॉक्टरांना विचारून हलकं मठारकाम, नक्षी, पोराला शिकवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, एवढं ठेवा. चालणं रोज.

तुमच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, हेही ध्यानात ठेव. १०८ला फोन केला तर ती कुठल्या चौकात थांबेल, वाड्याच्या जिन्यावरून मामंजींना खुर्चीत बसवून कोण उतरवेल, हे आजच ठरवा. गणपतीत तर तुमच्या कसबा पेठेत पाय ठेवायला जागा नसते, रस्ते बंद असतात. त्या दहा दिवसांत बाहेर निघायची वाट मंडळाच्या पोरांना आधीच विचारून ठेवा. तीच पोरं वेळेला गर्दी बाजूला सारतील.

पैशांचं बोलू या. खर्च लाखांत जातो, त्यात मोठा वाटा ग्राफ्टचा. किती तुकडे लागतील, बायपास लागला तर किती, असा अंदाज लेखी मागा. विमा असेल तर कंपनीला आधी कळवून मंजुरी घ्या आणि अशा साहित्यावर मर्यादा आहे का ते बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही प्रक्रिया कुठल्या पॅकेजात बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी काढून घ्या. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. ती उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजना आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटायला लाजू नका. हा हक्क आहे, भीक नाही.

आणखी एक. हा आजार कधी कधी घराण्यात असतो. तुझ्या नवऱ्यानं आणि दिरांनी रक्तदाब मोजून घ्यावा, एकदा इकोसह महाधमनीची तपासणी करावी. घरात कुणी फार उंच, लांबसडक बोटांचं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

माझं मत विचारशील तर, ५७ मिलिमीटर आणि वेगानं वाढणारी धमनी घेऊन वाट बघत बसू नये. दुसरं मतही तेच आलं तर होकार द्या. पण तो होकार घरातल्या सगळ्यांचा असू दे, तुझ्या एकटीचा नको. सून म्हणून रात्री जागायला तू, डबा न्यायला तू, आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर बोलणी खायलाही तू, हे मला चालणार नाही. सोमवारी नवऱ्याला रजा घ्यायला लाव. सही त्यानं करायची, सासूबाईंनी आणि दिरांनी समोर बसून ऐकायचं. वहीत आकडे दीर लिहितील, वर्षाच्या स्कॅनची तारीख नवरा सांभाळेल. दोन्ही सीडी आजच पिशवीत घालून ठेव, आणि ओपीडीतून बाहेर पडल्या पडल्या मला फोन कर. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द ऐकायचंय मला.